मान वर येते तेव्हा

१९७९ साली टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक पूल खेळाडूंनी अमेरिकेत हौशी खेळाडूंसाठी एक लीग सुरू केली. आज ती अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन या नावाने ओळखली जाते. दिवसभर नोकरीधंदा करणारी माणसं आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री बारमध्ये किंवा पूल हॉलमध्ये जमतात आणि संघ करून खेळतात. त्यांतल्या मुरलेल्या खेळाडूंचा खेळ नीट पाहिला, तर आपल्याकडे शतकानुशतकं घोळत राहिलेल्या एका प्रश्नावर उजेड पडतो, असं मला वाटतं. तो प्रश्न फळाच्या आशेचा. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, हे गीतेचं सांगणं आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याचा एक सोपा अर्थ मनात पक्का बसला आहे: निकालाचा विचार करू नये, आपलं काम करत राहावं. हा अर्थ चुकीचा आहे. आणि तो का चुकीचा आहे, हे पूलच्या टेबलाशी जितकं स्वच्छ दिसतं तितकं फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

कारण चांगला खेळाडू निकालाचा विचार सोडत नाही. उलट, नवख्यापेक्षा तो कितीतरी जास्त करतो. पूलच्या एट-बॉल या प्रकारात पांढऱ्या चेंडूने मारून आपल्या वाट्याचे सात चेंडू पॉकेटमध्ये घालवून शेवटी काळा आठ नंबरचा घालवायचा असतो. नवखा सगळ्यात सोपा चेंडू शोधतो आणि मारतो. मुरलेला खेळाडू आधी टेबलाभोवती एक फेरी मारतो. काळा कुठे आहे, त्याच्या आधी कोणता चेंडू उरलेला हवा, आणि त्या चेंडूसाठी पांढरा कुठे येऊन थांबायला हवा, असा उलटा हिशेब तो मांडतो. चेंडू पॉकेटमध्ये जाणं हे त्याच्या लेखी अर्धंच काम. पांढरा थांबेल कुठे, हे उरलेलं अर्धं. कॅरम खेळणाऱ्याला यातलं थोडं चटकन कळेल, पण तिथे प्रत्येक वेळी स्ट्रायकर उचलून पुन्हा रेषेवर ठेवता येतो. इथे पांढरा जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका. म्हणजे प्रत्येक कर्माचं फळ हेच पुढच्या कर्माची जमीन. अशा खेळात परिणामांकडे पाठ फिरवणारा वैरागी ठरत नाही, बेफिकीर ठरतो. गीतेलाही हे मान्य आहे. परिणाम, हानी आणि आपला वकूब न पाहता मोहाने सुरू केलेल्या कर्माला अठराव्या अध्यायात तामस म्हटलं आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी भर दिला तो सोडायची ती फलाशा, कर्म नव्हे यावर. पण फळाचा विचार आणि फळाची आशा यांच्यातली सीमा नेमकी कुठे आहे?

ती खेळाडू उभा असतो आणि वाकतो, या दोन क्षणांच्या मध्ये आहे. उभं असताना सगळा हिशेब होतो. मग क्यूच्या, म्हणजे मारायच्या काठीच्या, टोकाला खडू लावून तो वाकतो, हनुवटी क्यूच्या जवळ आणतो, दोन-तीनदा क्यू मागे-पुढे करतो, क्षणभर थांबतो आणि मारतो. क्यूचं टोक पांढऱ्याला टेकतं ते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरतं. त्यानंतर चेंडू कोणाच्याच हातात नसतो. कापड किती जुनं, टेबल किती समतल, कुशन किती जिवंत, यांच्या ताब्यात तो गेलेला असतो. कर्माला पाच कारणं लागतात आणि कर्ता हे त्यांतलं एकच, बाकीत आधार आहे, साधन आहे, नाना हालचाली आहेत आणि दैवही आहे, असं गीता सांगते तेव्हा ती जणू याच टेबलाचं वर्णन करते. आता नवख्याकडे पाहावं. चेंडू पडतो की नाही हे बघायला त्याची मान वर येते. खरं तर चेंडू सुटल्यावर मान वर केली तर काहीच बिघडत नाही. पण पाहण्याची घाई मनात आधी येते, आणि शरीर मनाचं ऐकतं. मानेबरोबर खांदा उचलला जातो, कोपर हलतं, क्यूचं टोक ठरल्या जागेपासून केसभर सरकतं आणि चेंडू पॉकेटच्या तोंडाशी येऊन अडतो. फळाची आसक्ती हा मनातला, अदृश्य दोष आहे असं आपण धरून चालतो; इथे ती मानेच्या स्नायूंत दिसते. मुरलेल्या खेळाडूची मान चेंडू पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज आला तरी खालीच असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ही अनासक्ती कसली, हे तर तंत्र झालं. त्याला जिंकायचंच आहे, आणि जिंकण्यासाठी निकाल विसरणं उपयोगी पडतं म्हणून तो विसरतो. दुसऱ्या अध्यायात योगाला कर्मातलं कौशल्य म्हटलं आहे खरं, पण त्यावरून प्रत्येक कौशल्य योग ठरत नाही. चोराच्या हातातही कौशल्य असतंच. हे मी मान्य करते. वाकलेली मान एवढ्याच पुराव्यावर कोणाला निष्काम म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप असा की आठवड्याच्या खेळात पणाला लागलेलं असतं तरी काय? कुरुक्षेत्रावर समोर आप्त उभे होते, इथे पंधरा रंगीत चेंडू आहेत. हा मला तितका भक्कम वाटत नाही. आसक्ती फळाचा आकार पाहून येत नाही. लीगच्या लास वेगासमधल्या मोठ्या स्पर्धेपर्यंत जाण्याची आशा दूर राहिली, साध्या मंगळवारच्या सामन्यातही शेवटच्या काळ्यावर हात थरथरतात.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर मात्र लीगच्या घडणीतच शोधावं लागतं. तिथे एट-बॉलमध्ये प्रत्येकाला दोन ते सात असा कौशल्याचा क्रमांक मिळतो. सात नंबरचा दोन नंबरच्या समोर आला, तर त्याला सात डाव जिंकावे लागतात आणि समोरच्याला दोनच पुरतात. म्हणजे नियमांनीच कौशल्य आणि यश यांची गाठ सैल केली आहे. उत्तम खेळूनही हरणं ही इथली नेहमीची गोष्ट. या व्यवस्थेत काही जण क्रमांक खाली राहावा म्हणून मुद्दाम चुकतात. त्यांना सँडबॅगर म्हणतात आणि लीगमध्ये त्यांच्याइतका राग दुसऱ्या कोणावर नसेल. तो राग मला योग्य वाटतो. पुढच्या फळासाठी हातातलं कर्म नासवणं, हे फलाशेचं याहून उघडं रूप कोणतं? तंत्राने पाहिलं तर तो माणूस चतुरच आहे. तंत्र आणि अनासक्ती यांच्या वाटा इथे फुटतात.

त्या आणखी एका जागी फुटतात. या सामन्यांत प्रत्येक टेबलाशी पंच उभा नसतो. पांढरा आणि दुसरा चेंडू अगदी जवळ असले, की क्यूचं टोक पांढऱ्याला चुकून दोनदा लागू शकतं. तो फाऊल आहे, आणि त्याची शिक्षा मोठी: प्रतिस्पर्ध्याला पांढरा हातात घेऊन टेबलावर हवा तिथे ठेवता येतो. दुसरा स्पर्श इतका झटपट होतो की खुर्चीत बसलेल्याला तो बहुधा दिसत नाही. मारणाऱ्याच्या हाताला मात्र तो कळतो, क्यूच्या लाकडातून आलेल्या वेगळ्या ठोक्यासारखा. सगळेच खेळाडू तो कबूल करतात, असं म्हणणं खोटं होईल. पण जो करतो, त्याला त्या क्षणी कोणतंही तंत्र मदत करत नसतं. फळाच्या दृष्टीने गप्प राहण्यात फायदाच असतो. तो सरळ उभा राहतो, फाऊल म्हणतो, पांढरा उचलतो आणि समोरच्याच्या हातात देतो.