गावाची वेस आणि राज्याचा अधिकार

गावातील कोणत्या जमिनीवर किती घरे उभी राहावीत, हे तिथल्या रहिवाशांनी ठरवावे की राज्याने, हा प्रश्न नगररचनेचा दिसतो. मुळात तो न्यायाचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात तो पन्नासहून अधिक वर्षे चर्चेत आहे.

तेथे झोनिंगचे, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल याचे, नियम शहरे आणि गावे स्वतः करतात. एक एकराच्या भूखंडावर एकच घर, एवढा नियम केला तरी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना वेस बंद होते. कोणालाही नावानिशी मनाई करावी लागत नाही. म्हणून १९६९ मध्ये 'चॅप्टर ४०बी' हा कायदा आला. परवडणारी घरे १० टक्क्यांहून कमी असलेल्या गावाने अशा घरांचा प्रकल्प नाकारला, तर विकासकाला राज्याच्या समितीकडे दाद मागता येते. २००४ च्या 'चॅप्टर ४०आर'ने प्रोत्साहनाचा मार्ग धरला. गाव स्वेच्छेने दाट वस्तीचा विभाग आखते, राज्य तो तपासून मंजूर करते आणि अनुदान देते. २०२१ च्या कायद्याने मात्र बोस्टन परिसरातील वाहतूक सेवेच्या कक्षेतील १७७ शहरे-गावांना एकरी किमान १५ घरांना मुभा देणारा विभाग आखणे बंधनकारक केले.

स्थानिक स्वायत्ततेच्या बाजूने एक भक्कम तत्त्व उभे आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात ते मांडले : लहान समूहाला जे साधते, ते मोठ्या संस्थेने हिरावून घेऊ नये. रस्ते, पाणी, शाळा यांवरचा ताण गावकऱ्यांनाच आधी कळतो. पण या तत्त्वाला दुसरी बाजूही आहे. लहान समूहाला जे साधत नाही, ते मोठ्याचे कर्तव्य ठरते. घरटंचाई साऱ्या प्रदेशाची असते आणि प्रत्येक गाव ती शेजारच्या गावाने सोडवावी अशी अपेक्षा धरते.

याहून खोल अडचण प्रतिनिधित्वाची आहे. मतदान रहिवासी करतात. ज्यांना घरच मिळाले नाही, त्यांना त्या गावात मत नसते. झोनिंग हा मतदार कोण होऊ शकेल हेही ठरवणारा निर्णय आहे. राजकीय तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झर यांनी १९८३ मध्ये राष्ट्राला सदस्य निवडण्याचा अधिकार मान्य केला, पण देशांतर्गत वस्त्यांना तो दिला नाही.

तरीही राज्याची देखरेख म्हणजे मनमानी नव्हे. २०२४ मध्ये याच राज्यातील मिल्टन या गावाच्या मतदारांनी २०२१ च्या कायद्यासाठी आखलेला नवा विभाग सार्वमताने फेटाळला. त्या वादात जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनात्मक आणि बंधनकारक ठरवला. मात्र विहित प्रक्रिया न पाळल्यामुळे त्याखालील राज्याची मार्गदर्शक तत्त्वे निष्प्रभ ठरवली. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना पूरक आहेत. घरांचा किमान वाटा किती, हे राज्याने रीतसर नियमांनी ठरवावे. तो कोणत्या जागी आणि कोणत्या रूपात उचलायचा, हे गावाने ठरवावे. वाटाच नाकारण्याचा अधिकार स्वायत्ततेत येत नाही.