हरलेल्याच्या कर्माचं काय?

सामन्याआधी दोन्ही शाळांची मुलं नारळ फोडतात. दोन्ही संघ ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणत मैदानात उतरतात. देव एकच, मग तो ऐकतो कोणाचं? लोणंदला मी क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली आणि मुलांनी हा प्रश्न मला वारंवार विचारला. तो थट्टेवारी न्यावा असं मला कधी वाटलं नाही. मोठी माणसं आयुष्यभर हाच प्रश्न विचारतात, फक्त मैदान वेगळं असतं.

पावसाळ्यात शाळा मार्गी लागली की सुब्रतो कपच्या तालुका स्पर्धांचं पत्र येतं. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही देशपातळीवरची शालेय फुटबॉल स्पर्धा 1960 पासून चालू आहे. आमच्यासाठी तिची वाट खंडाळा तालुका, सातारा जिल्हा, कोल्हापूर विभाग, राज्य आणि मग दिल्ली अशी. विभागात गेलं की गाठ कोल्हापूरशी, जिथं पेठापेठांत फुटबॉल मुरलेला आहे. दिल्लीत गट पडतात, पण खालच्या पायऱ्यांवर कारभार बाद पद्धतीचा. एक सामना हरला की वर्ष संपलं. बाद पद्धतीत 64 संघ उतरले तर बरोबर 63 सामने होतात आणि 63 संघ हरूनच घरी जातात. म्हणजे ही पद्धत जवळजवळ सगळ्यांना हरवण्यासाठीच बांधलेली आहे.

एका वर्षी आमचा सतरा वर्षांखालील संघ तालुका जिंकून साताऱ्याला गेला. गोलरक्षक मार्केट यार्डातल्या हमालाचा मुलगा. सकाळी वडिलांबरोबर कांद्याच्या गोण्यांची थप्पी लावून तो सरावाला यायचा. जिल्ह्याचा सामना भर पावसात झाला. चिखलात चेंडू पुढं सरकत नव्हता. शून्य-शून्य बरोबरी झाली आणि टायब्रेकर आला. पोरानं दोन फटके अडवले, पण आमचेच तीन चुकले. परतीच्या एसटीत त्यानं विचारलं, “सर, माझं काय चुकलं?” मी म्हणालो, “काहीच नाही.” त्यावर तो म्हणाला, “मग आपण हरलो कसं?”

गावात त्याला दोन उत्तरं मिळाली. कुणी म्हणालं, नशिबात नव्हतं. कुणी म्हणालं, कष्ट कमी पडले, केल्या कर्माचं फळ मिळतंच. दोन्ही उत्तरं आपल्या धर्मविचारातूनच आलेली, आणि दोन्ही त्या पोरावर अन्याय करणारी. सगळं आधीच लिहिलेलं असेल, तर पहाटे उठून चिखलात घेतलेल्या त्याच्या उड्यांना काही अर्थच उरत नाही. आणि फळ कर्माच्या मापानंच मिळत असेल, तर हरलेला प्रत्येक जण कुठंतरी खोटा ठरतो. मग 63 संघांतल्या मुलांना आपण कामचुकार म्हणायचं का?

कर्म आणि फळ यांचा हिशोब चुकता होण्यासाठी वेळ लागतो, म्हणून तर आपल्या परंपरेनं अनेक जन्म मानले. साखळी स्पर्धेत तशी सोय असते. आज चिखलानं घात केला तर पुढच्या सामन्यात भरपाई होते, आणि शेवटी गुणतक्ता बराचसा खरं बोलतो. बाद पद्धत मात्र एकच जन्म देते. ती योग्यता मोजत नाही, त्या दिवशी काय झालं एवढंच सांगते. 1978 च्या फेडरेशन कपमध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोघांनाही संयुक्त विजेते ठरवलं गेलं. दोघांत निवड होत नाही हे तेव्हा मान्य झालं. आता टायब्रेकर तसं मान्य करू देत नाही.

आणि ज्याला फळ मिळतं त्याच्याजवळ तरी ते किती टिकतं? मुंबईचा रोव्हर्स कप 1891 साली सुरू झाला. हैदराबाद सिटी पोलिसांनी तो 1950 ते 1954 असा सलग पाच वर्षं जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशानं शिक्षक होते. ज्या चषकासाठी पलटणी आणि क्लब जिवाचं रान करत, ती स्पर्धाच 2000-01 नंतर बंद पडली. रहीमसाहेबांनी घडवलेल्या खेळाडूंनी मात्र 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. चषकाची स्पर्धा गेली, शिकवणं पुढं चालत राहिलं.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर मला आमच्याच वाटेवर सापडलं. माउलींची पालखी लोणंदचा मुक्काम आटोपून तरडगावकडे निघते, तेव्हा चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. वारकरी दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि मधून दोन अश्व धावतात. स्वाराच्या अश्वावर पताका घेतलेला स्वार, आणि माउलींच्या अश्वाची पाठ मोकळी. दोघं जीव तोडून पळतात, पण पहिला कोण आला हे कुणी विचारत नाही. लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. ज्यांची ही पालखी, ते ज्ञानेश्वर अठराव्या अध्यायात सांगतात की आपल्या कर्माचीच फुलं करून ईश्वराला वाहावीत. वाहिलेल्या फुलाचं पुढं काय झालं, हे आपण विचारत नाही. ते वाहिलं तिथंच पुरं झालं.

म्हणून त्या मुलाचं उत्तर माझ्यापुरतं असं आहे. हरणं हा त्याच्या कर्मावरचा निकाल नव्हता. त्यानं अडवलेले दोन फटके त्या पावसात पूर्ण झाले होते आणि पुढच्या कुठल्याही गोलानं ते अपुरे ठरत नाहीत. देव कोणाचं ऐकतो, याचंही उत्तर यातच आहे. विजय मागणं म्हणजे समोरच्या पोराचा पराभव मागणं, आणि दोघांचीही आई असलेल्या माउलीकडे ते मागता येत नाही. मागायचं तर एवढंच, की अंगातलं सगळं मैदानावर उतरू दे आणि निकालानंतर समोरच्याला मिठी मारायचं बळ दे. ही प्रार्थना दोन्ही संघ एकाच वेळी करू शकतात, आणि ती दोघांचीही पुरी होऊ शकते.

शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. हरून आलेल्या मुलाला नशीब सांगू नका, त्याच्या कष्टाचा हिशोबही मांडू नका. त्यानं काय चांगलं केलं ते नेमकं सांगा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आधी मैदानावर हजर राहा.