पडलेला शेअर आणि तुकोबांची खतं




गेल्या गुरुवारी भेस्तानच्या आपल्या केंद्रात आरतीनंतर चटया गुंडाळत होते, तेव्हा एका ताईंचा मुलगा जवळ आला. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कामाला आहे, शहाणा मुलगा. म्हणाला, "मावशी, एका कंपनीवर कोर्टाचा मोठा निकाल लागलाय, शेअर पार पडलाय. एवढा स्वस्त परत मिळायचा नाही. महाराजांपुढे चिठ्ठ्या टाकू का, घेऊ की नको?"

मी म्हटलं, चिठ्ठ्या राहू दे बाबा, आधी बस.

भंडाऱ्यात शेवटच्या पंगतीला काय मिळतं ते आपण वाढपी जाणतो. शेअरवाला मालक म्हणवतो खरा, पण बसतो शेवटच्याच पंगतीला. आधी कामगार, बँका, सरकार, ज्यांचं देणं आहे ते सगळे. भांडं खरवडून उरलं तर आपलं.

मुंबईच्या डीएचएफएलचा शेअर सप्टेंबर 2018 मध्ये सहाशेच्या वर होता. 21 तारखेला एका दिवसात 40 टक्क्यांहून जास्त पडला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बाजूला केलं. जून 2021 मध्ये पिरामलची योजना मंजूर झाली, त्यात शेअरवाल्यांच्या वाट्याला शून्य. मोठ्या ठेवी ठेवणाऱ्यांनाही पुरते पैसे मिळाले नाहीत.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही हं. 24 ऑक्टोबर 2019 ला सुप्रीम कोर्टाने सरकारी थकबाकीचा निकाल दिला आणि व्होडाफोन आयडियाचा शेअर महिन्याभरात तीन रुपयांच्या आसपास आला. कंपनी बुडाली नाही. ज्यांनी तेव्हा घेतला त्यांना पुढे नफाही झाला, खोटं कशाला बोलू? पण 2023 मध्ये सरकारने 16,133 कोटींच्या व्याजाबदली शेअर घेतले, सुमारे 33 टक्क्यांचं मालक झालं. जुन्यांचा वाटा तेवढा आखडला.

मुलगा म्हणाला, "म्हणजे घ्यायचा की नाही?"

मी त्याला देहूची गोष्ट सांगितली. तुकोबांच्या घरी सावकारी होती. कर्जाची खतं इंद्रायणीत सोडायला निघाले, तेव्हा आधी त्यांनी कान्होबाचा अर्धा हिस्सा वेगळा काढून त्याच्या हाती दिला. बुडवली ती फक्त स्वतःची. आपण वैराग्याचं कौतुक करतो, पण माझं लक्ष नेहमी त्या वाटणीकडे जातं. एवढ्या विरक्त माणसाने भावाच्या कागदाला हात लावला नाही!

मग विचारलं, "पैसे कोणाचे रे?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पप्पांच्या पीएफचे. आईच्या नावावर आहेत, पण फोनमधलं सगळं मीच बघतो."

"आईला विचारलंस?"

मान खाली. मी पुढे काही बोलले नाही, चटया उचलायला त्यानेच मदत केली. काल त्याचा फोन आला, अजून घेतलेला नाही. येत्या गुरुवारी आईला घेऊन येतो म्हणाला. आरती नेहमीप्रमाणे साडेसहाला आहे.