साठीनंतरचे बळ

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार उपवासाचे बंधन एकोणसाठ वर्षे पूर्ण होताच सुटते. मांसवर्जनाचे मात्र आमरण राहते. (शुक्रवारी मासळी चालते, हे वसईकरांना सांगायला नको!) नेमक्या याच वयात स्नायूंची झीज जाणवू लागते. निव्वळ मांसाहारावर राहून ती थोपवू म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, व्यायामाचे काय? वजन उचलल्यावाचून ताटातले मांस दंडात उतरत नाही. आणि प्रथिने अंडी-डाळींतूनही मिळतात. संत पौलाने देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. मग उतारवयात शरीर कमावणे ही देहपूजा, की मंदिराची डागडुजी? ते बळ कुणाच्या कामी येते, यावरून ठरवावे. अंथरुणाला खिळलेल्या पत्नीला दिवसातून चार वेळा उठवून बसवणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थाला देहपूजक म्हणण्याचे धाडस आम्हांला तरी होणार नाही.