जोखीम एकाची, झळ दुसऱ्याला

वय झालं की धोका पत्करायचा नाही, असं आपल्याकडे सरसकट धरून चाललं जातं. सत्तरीतल्या आईला पायी वारीला जायचं असतं, मुलं म्हणतात, "गाडीनं जाऊन दर्शन घे ना." गावच्या घरात एकटीनं राहायचं की नाही, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, तेही मुलंच ठरवतात. यामागे माया असतेच. पण पुष्कळदा आपला घोर कमी व्हावा म्हणून आपण त्यांचं आयुष्य लहान करत असतो. ज्या शरीराला सोसायचं आहे त्याच्या मालकानं, शुद्धीत आणि समजून-उमजून घेतलेला निर्णय मोडायचा अधिकार मुलांना नाही, असं माझं ठाम मत आहे.

१९९० साली बाबा आमटे आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा त्यांचं वय पंचाहत्तर होतं. मणक्यांच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. तरी सरदार सरोवराच्या पाण्याखाली ज्यांची घरं जाणार होती, त्यांच्या शेजारी ते जाऊन राहिले. त्यांचं धैर्य सगळ्यांना दिसतं. मला त्याच्या मागची बाजूही तितकीच मोलाची वाटते. आनंदवनाचं आणि हेमलकशाचं काम तोवर विकास आणि प्रकाश या मुलांनी खांद्यावर घेतलेलं होतं. बाबांच्या जाण्यानं कुणी उघड्यावर पडणार नव्हतं. आणि साधनाताई त्यांच्याबरोबर तिथे राहायला गेल्या.

पैशाच्या धोक्याला मी हीच कसोटी लावते. नुकसान झालंच, तर ते सोसणार कोण? त्या माणसाला आधी विचारलं होतं का?

निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम एकदम हाती येते. आयुष्यात एवढा पैसा एका वेळी पाहिलेला नसतो. मग कुणी ओळखीतल्या पतसंस्थेचं नाव सुचवतं, कारण तिथे दोन टक्के व्याज जास्त असतं. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, हे अनेकांना माहीतच नसतं. बँकेतसुद्धा पाच लाखांच्या वरचं सारं आपल्या जबाबदारीवर. २३ सप्टेंबर २०१९ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला ठेवीदारांना सहा महिन्यांत मिळून फक्त एक हजार रुपये काढता येणार होते. तेव्हा विम्याची मर्यादा एक लाखाचीच होती. ती पाच लाख झाली २०२० साली. पुढे २०२२मध्ये ही बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवी टप्प्याटप्प्यानं परत करायचं ठरलं. ज्यांची रक्कम फार मोठी, त्यांना ती पुरती मिळायला दहा वर्षं. पस्तिशीतला माणूस दहा वर्षं कशीबशी काढेल, नवी नोकरी धरेल. पंच्याहत्तरीतल्या माणसानं काय करायचं? म्हातारपणी पैसे बुडतात त्यापेक्षा वाईट हे, की ते पुन्हा उभे करायला लागणारी वर्षं हाती उरलेली नसतात.

आणि ही उणीव बहुतेक घरांत शेवटी बायकोच्या वाट्याला येते. आपल्याकडे नवरा वयानं मोठा, बाईचं आयुर्मान जास्त. त्यामुळे शेवटची कितीतरी वर्षं ती एकटी काढते. ठेव कुठे ठेवायची, शेअर घ्यायचे का, भाच्याच्या कर्जाला जामीन राहायचं का, हे मात्र त्यानं ठरवलेलं असतं. ती चहा ठेवायला आत गेलेली असताना सही होऊन जाते. जामीनदाराची जबाबदारी कायद्यानं कर्जदाराइतकीच असते. बँक आधी भाच्याकडे जाईल आणि नंतर आपल्याकडे, हा दिलासा खोटा आहे. हप्ते थकतात तेव्हा नवरा कदाचित हयातही नसतो. नोटीस तिच्या दारात येते.

घराचं बक्षीसपत्र हा यातला सर्वांत अवघड निर्णय. "माझ्यामागे तुझंच आहे" म्हणून जिवंतपणीच घर मुलाच्या नावे करून टाकणं हे प्रेमानंच केलं जातं. पण त्या घरात उद्या तिला राहायचं आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं २३वं कलम सांगतं, की सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली तर परत मिळवता येते. त्यासाठी आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागायची. डिसेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही अट असायलाच हवी असं म्हटलं. जानेवारी २०२५मध्ये कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावला. तरी न्यायालयाच्या उदारतेवर विसंबण्यापेक्षा कागदावर दोन ओळी वाढवणं बरं. पोटच्या मुलापुढे अट लिहायची लाज वाटते, हे मी समजू शकते. ती लाज सोडावीच लागते, कारण हयातभर राहण्याचा हक्क तिचाही आहे आणि तो राखून ठेवण्याची जबाबदारी देणाऱ्याची आहे.

मला अधिक छळतो तो तिच्या होकाराचा प्रश्न. पन्नास वर्षं जिला कधी विचारलंच नाही, तिला एके दिवशी कागद पुढे करून "चालेल ना?" म्हटलं, तर ती "तुम्ही म्हणाल तसं" म्हणणार. हा होकार मी होकार धरत नाही. तिला आकडे कळले पाहिजेत: महिन्याचा खर्च, औषधांचा खर्च, तिच्या नावावर काय आहे, नवऱ्याच्या पश्चात पेन्शन किती उरेल. ते कळल्यावर ती म्हणू शकते, की घाला पैसे मुलाच्या धंद्यात, मी कमी खर्चात राहीन. मग तो दोघांचा धोका होतो आणि त्यात नाव ठेवण्याजोगं मला काही दिसत नाही.

मुलांनीही पैसे मागताना हे पाळायला हवं. बाबांना एकट्याला गाठून मागू नये. आई समोर असताना मागावं, आणि ती "नको" म्हणाली तर पुढच्या दिवाळीलाही तितक्याच ओढीनं घरी यावं.