चुकून घेतलेले परत देताना

सज्जन वाचकहो, नाथबाबांच्या एका पैची कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबाचे काम नाथांकडे होते. एके रात्री हिशेबात एका पैचा मेळ बसेना. नाथ दिव्यापाशी बसून राहिले. उत्तररात्री ती चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडेल तेव्हा केवढा होईल! कीर्तनकार येथून परमार्थाकडे वळतात आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी तुम्हाला त्या टाळीपाशीच थोडा वेळ थांबायला सांगणार आहे.

माझी नोकरी एका नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागात झाली. जुन्या वह्यांतील नोंदी संगणकावर चढवण्याचे काम चालू होते, तेव्हाची गोष्ट. एका वहीत घडी घातलेला एक अर्ज सापडला. गावाबाहेरच्या वस्तीतील एका आजींनी आपली नळजोडणी बंद करावी म्हणून तो दिला होता. जोडणी तोडल्याचा शेरा होता, आवकचा शिक्का होता. फक्त मागणीच्या वहीतून त्यांचे नाव कमी करायचे राहून गेले होते. त्यामुळे नळ नसलेल्या घराला अकरा वर्षे पाणीपट्टीचे बिल जात होते.

आजींनी सुरुवातीला विचारणा केली होती. "आधी भरा, मग तक्रार करा," असे आमच्याच खिडकीवरून त्यांना सांगण्यात आले. काही वर्षे त्यांनी भरले, पुढे थांबवले. मग थकबाकीवर दंड चढला आणि एका मार्च महिन्यात थकबाकीदारांच्या यादीत त्यांचे नाव कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागले. त्याच आठवड्यात त्यांनी सगळी रक्कम आणून भरली.

वाचकहो, ती चूक सापडली तेव्हा मी टाळी वाजवली नाही. मी अर्ज पुन्हा घडी घालून वहीत ठेवला आणि वही ढिगाच्या तळाशी सरकवली. वसुलीचे दिवस होते, साहेब चिडतील असे वाटले. चूक ज्याने केली तो केव्हाच निवृत्त झाला होता. ती माझी नव्हती, अशी मी मनाची समजूत घातली. चार महिने असे गेले. आषाढी एकादशीला देवळात कीर्तन झाले आणि बुवांनी नेमकी नाथांची ही कथा लावली. मला पुढचे कीर्तन ऐकू आले नाही.

घरी येताना एकच विचार डोक्यात होता. त्या पैसाठी नाथांकडे कोणी तक्रार घेऊन आले नव्हते. कोणी आले नसते तरी ते शोधतच राहिले असते. चूक कोणाच्या हातून झाली, हा प्रश्न वेगळा. ती ज्याच्या डोळ्यांना दिसली, ती दुरुस्त करण्याचे काम त्याचे झाले. मला दिसली त्या दिवसापासून चार महिने ती माझीच होती.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज साहेबांपुढे ठेवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, "तीन वर्षांपुरते परत करू. मागचे मुदतबाह्य झाले." पुढे विषय सभेत गेला, तेव्हा एक सभासद म्हणाले, "आज यांना दिले तर उद्या सगळे येतील. गावाचा पैसा आहे, रस्त्याला लागेल." ही दोन्ही वाक्ये आपल्यालाही पटकन पटतात, म्हणून त्यांचा नीट विचार करू.

पहिले मुदतीचे. आपल्याकडे 1872चा करार कायदा आहे. त्याच्या 72व्या कलमात साधी गोष्ट सांगितली आहे: चुकीने दिलेले पैसे ज्याला मिळाले, त्याने ते परत केले पाहिजेत. 1963च्या मुदत कायद्याने अशा दाव्याला साधारण तीन वर्षांची मर्यादा घातली. पण चुकीच्या बाबतीत ती वर्षे चूक कळल्यापासून, किंवा नीट लक्ष दिले असते तर कळली असती तेव्हापासून मोजायची, असेही त्यातच म्हटले आहे. शिवाय मुदत संपली म्हणजे कोर्टाचे दार बंद होते. देणे पुसले जात नाही. मुदतीबाहेर गेलेले देणे फेडण्याचे लेखी वचन कोणी दिले, तर करार कायद्याचे 25वे कलम ते वचन खरे मानते. ज्याला द्यायचे आहे त्याच्यासाठी कायद्यानेही एक खिडकी उघडी ठेवली आहे.

दुसरे गावाच्या पैशाचे. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्यातला एक बारकावा मात्र निसटतो. परंपरा सांगते की त्यांनी आधी वाटणी केली. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची खते त्याला दिली आणि फक्त स्वतःच्या वाट्याची पाण्यात सोडली. जे आपले येणे आहे, तेवढेच आपल्याला सोडता येते. "जाऊ द्या, झाले ते झाले," हे म्हणण्याचा अधिकार त्या आजींचा होता. पैसे घेऊन बसलेल्या कार्यालयाने ते म्हणणे म्हणजे दुसऱ्याची खते आपण बुडवणे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचेही आठवा. दुष्काळात त्यांनी कोठारे उघडली आणि हजारोंचे प्राण वाचवले. एवढे पुण्य झाले म्हणून पांडुरंगाने बादशहाची रक्कम बुडू दिली का? विठू महाराचे रूप घेऊन तो बेदरला गेला, पै न पै भरली आणि पावती घेतली. उपकाराच्या आड देवाने हिशेब झाकला नाही. मग रस्त्याच्या नावाखाली आजींचे पैसे आपण कसे झाकणार? ते गावाचे कधी नव्हतेच. गावाच्या पेटीत चुकून पडले होते. आणि उद्या खरेच सगळे आले, तर त्याचा अर्थ एवढाच की सगळ्यांकडून चुकून घेतले होते.

शेवटी पूर्ण रक्कम मंजूर झाली. घरपट्टीत वळती करा, असेही एकाने सुचवले. पण ज्यांनी रोख भरले त्यांना रोखच द्यावे, असे ठरले. धनादेश द्यायला मी स्वतः गेलो. आजींनी तो डोक्याला लावला, देव्हाऱ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "पैसे मिळाले बाबा, पांडुरंगाची कृपा. पण माझं नाव फळ्यावर लागलं होतं. ते चुकीचं होतं हे कुठं लावणार?"

मी साहेबांना विचारले. त्यांनी दिलगिरीचे पत्र दिले, सही-शिक्क्यानिशी. फळ्यावर सूचना लावणे त्यांना जड गेले आणि मीही फार आग्रह धरला नाही. आजी आता नाहीत. यादी चारचौघांत लागली, दुरुस्ती पाकिटात गेली. ते देणे आजही माझ्या नावावर आहे.

तेव्हा वाचकहो, परत देणे म्हणजे काय हे मला त्या देव्हाऱ्यासमोर कळले. पैसे परत केले की एक भाग फिटतो. दुसरा भाग हेलपाट्यांचा. तिसरा नावाचा, आणि तो जिथे गेला तिथेच परत द्यावा लागतो.

कार्यालयाला नावे ठेवून हा लेख संपवणे सोपे आहे. पण तुमच्या घरचे मीटर बंद पडले आणि बिल निम्म्याने कमी येऊ लागले, तर तुम्ही स्वतःहून कळवाल का? वाण्याने दहा रुपये जास्त परत दिले, तर मागे फिराल का? गळ्यातली माळ अशाच वेळी कामाची. येत्या एकादशीला हरिपाठ झाला की घटकाभर बसा आणि आपल्या घरात चुकून आलेले काही आहे का ते शोधा. सापडले तर लाजू नका, लपवू तर मुळीच नका. नाथांसारखी टाळी वाजवा आणि सकाळी उठून ज्याचे त्याला देऊन या.

रामकृष्ण हरि.