फरक कुणाच्या नावे?

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. जिथं जमा आहे तिथं नावे असलंच पाहिजे, ही माझी श्रद्धा. त्यामुळे आमची जीप बंद पडली की ती का बंद पडली यापेक्षा ती कुणाच्या नावे टाकायची, हा प्रश्न मला आधी पडतो.

ही डिझेल जीप सासरेबुवांची. त्यांनी ती मला दिली असं सौ. म्हणते, माझ्या मते त्यांनी ती आमच्या अंगणात सोडली. वय असं, की आमच्या चिरंजीवांनी तिला ताई म्हणावं. पंधरा वर्षांनंतर अशा गाडीची आरटीओत तपासणी होते आणि पास झाली की पाच वर्षांची मुदत मिळते. मला तपासायला नेलं तर किती मिळतील, हा विचार मी करत नाही.

परवाच्या श्रावणात धाराशिवहून तुळजापूरला देवीचं दर्शन घेतलं आणि नळदुर्गला निघालो. बोरी नदीला पाणी आलं की तिथल्या किल्ल्यात पाणीमहालावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात, ते बघायचे होते. चालवायला शेजाऱ्यांचा मुलगा. मी मागे चिवड्याच्या डब्यापाशी. तुळजापूर मागे पडलं आणि निम्म्या वाटेवर जीप थांबली.

लगेच सर्वांनी आपापली निदानं मांडली. मेहुणा म्हणाला, "बॅटरी." सौ. म्हणाली, "मी म्हणत होते, एसटीनं जाऊ." (हेही एक निदानच.) मी काहीच म्हणालो नाही, कारण मला उत्तर सापडलं होतं. आदल्या संध्याकाळी हजार रुपयांचं डिझेल आणायला मी याच पोराला पाठवलं होतं. सगळ्यांदेखत मी त्याला विचारलं, "किती ठेवलेस? रॉकेल मिसळलंस का?"

पोरगं खिशात हात घालून काहीतरी काढू लागलं. "पावती दाखवू नकोस," मी म्हणालो, "पावत्या काय, मिळतात."

तासाभरानं एक म्हातारे मिस्त्री मोटारसायकलवरून आले. त्यांनी कुणी केलं हे विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "आचके देत बंद पडली का एकदम?"

"आचके देत!" मी ठासून सांगितलं. तेलात खोट असली की गाडी आचके देते, हे मला ऐकून माहीत होतं.

"एकदम पडली," पोरगं हळूच म्हणालं. पण आरोपीची साक्ष कोण घेतो?

मिस्त्रींनी सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं. बॅटरी सुटली. मग पंपावरचा एक नट सैल करून हातपंप दाबला. तेल आलं, बुडबुड्यांशिवाय. तळहातावर घेऊन हुंगलं. "तेल झ्याक हाय सायेब."

आता डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरानं 1890 च्या दशकात हीच तर करामत केली: हवा इतकी दाबायची की ती तापून तेल आपोआप पेटतं. म्हणजे एकदा सुरू झाल्यावर विजेचं काम काय? आमच्या जीपला होतं. पंपावर विजेवर चालणारी एक झडप आहे. किल्ली फिरवली की ती 'टक्' करून उघडते. वीज गेली की मिटते आणि तेल थांबतं. मिस्त्रींनी किल्ली फिरवायला लावून कान दिला. टक् नाही. बॅटरीवरून सरळ एक वायर आणून झडपेला टेकवली. टक्! जीप सुरू झाली. जुनी वायर वरून धडधाकट होती, आतली तार तुटलेली. गुन्हा विजेचा, आळ तेलावर.

मिस्त्रींनी दोनशे रुपये घेतले. मला मात्र ते आचके घेऊन बसले. मी खोटं बोललो नव्हतो. मला ते खरोखर आठवत होते. निकाल आधी लागला होता आणि स्मरणशक्ती त्याला लागतील ते पुरावे तयार करून देत होती.

बँकेत फरक आला तर आम्ही असं करतो का? फरकाला नवानं भाग जात असेल तर कुणी 54 चे 45 लिहिलेत का ते आधी बघतो. तरी सापडला नाही तर रक्कम सस्पेन्स खात्यात ठेवतो. पाच रुपयांसाठी आम्ही कुणावर आळ न घेता थांबू शकतो. माणसासाठी असं खातं उघडायचं मला सुचलं नाही, इतकंच.

नळदुर्गला मी पोराला म्हणालो, "चुकलं माझं." ते म्हणालं, "असू द्या काका." मी भजी घेतली, त्यानं खाल्ली. खातं मिटलं असं मला वाटलं. पण आमच्या वहीत चुकीची नोंद खोडत नाहीत. तिच्यासमोर उलटी नोंद करतात, आणि दोन्ही तिथंच राहतात.

अजूनही डिझेल आणायला तेच जातं. मी न मागता पावती आणि उरलेली चिल्लर टेबलावर पेपरवेटखाली ठेवून जातं. अकरा पावत्या झाल्यात.